मुलासमोर शिकणारी आई

देवदिवाळी होऊन गेली की वडोदऱ्याच्या कडिया नाक्यांवरची, म्हणजे बांधकामाचे मजूर सकाळी कामासाठी उभे राहतात त्या नाक्यांवरची, गर्दी पुन्हा वाढू लागते. दाहोद आणि छोटा उदेपूर, तसेच राज्याच्या सीमेपलीकडचे झाबुआ आणि अलीराजपूर, या जिल्ह्यांतील भिल्ल आणि राठवा कुटुंबे मक्याचे पीक घरात आणून, सणापुरती गावी राहून, पुन्हा शहराकडे निघालेली असतात. भायली, सेवासी, सामा-सावली रस्ता या भागांत जेथे नव्या इमारतींचे सांगाडे उभे असतात, तेथे त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा लागतात आणि होळीपर्यंत तेच या माणसांचे गाव होते. आईबाप आणि मुले जेथे एकत्र बसून लिहायला-वाचायला शिकतात, त्या आमच्या कुटुंब-साक्षरता वर्गाचे वर्षही याच हिशोबाने चालते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आमचे कार्तिकात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. साहजिकच नव्या शिक्षिका आणि शिक्षक आमच्याकडे येतात तेही याच दिवसांत, आणि त्यांच्याशी पहिल्या बैठकीत जे बोलावे लागते ते एकदा सविस्तर लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

येणाऱ्यांत बहुतेकजण मराठी असतात, कारण दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील ओळखीपाळखींतूनच हे काम पसरत गेले. निवृत्त शिक्षिका, बी.एड. करणाऱ्या मुली, मुले परगावी गेल्यामुळे ज्यांच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या आहेत अशा गृहिणी, एखादा मकरपुऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारा अभियंता. प्रत्येकाकडे कळकळ असते, चित्रांचे तक्ते असतात, पाट्या आणि खडू असतात, आणि काहींकडे तर शिकवण्याचा तीस-तीस वर्षांचा अनुभव असतो. या सर्वांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: या वर्गात आईबापांचा त्यांच्या मुलांसमोरचा मान उणा होईल असे काहीही घडू द्यायचे नाही. अक्षरे कोणत्या क्रमाने शिकवायची, पाटी वापरायची की वही, शब्दांपासून सुरुवात करायची की वर्णांपासून, हे सगळे त्यानंतर ठरवायचे.

हे ऐकताना बहुतेकांना यात वेगळे ते काय, असे वाटते. कोणत्याही मोठ्या माणसाचा अपमान करायचा नाही, हे सुसंस्कृत घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. परंतु येथे अपमान करणाराच कोणी नसतो आणि तरीही तो होतो, म्हणून एक प्रसंग सांगते. मागच्या एका हिवाळ्यात अलीराजपूरकडून आलेली एक बाई आपल्या तिसरीतल्या मुलीला घेऊन वर्गाला येत असे. दिवसभर घमेली वाहून आणि सिमेंटमध्ये हात घालून तिच्या बोटांची कातडी फाटलेली असे, आणि पेन्सिल तिच्या हातात नीट ठरत नसे. ती आपले नाव लिहीत होती आणि मधली मात्रा चुकली. मुलीने झटकन आईच्या हातून पाटी घेतली, अक्षर पुसले, स्वतः नीट लिहून दाखवले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला विचारले की एवढेही कसे येत नाही. शेजारी बसलेल्या नव्या शिक्षिकेने मुलीचे कौतुक केले, शाबासकी दिली. शाळेच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. मुलीचे अक्षर खरोखरच चांगले होते. आई हसली, चुलीवर काही ठेवल्याचे सांगून उठली आणि पुढे कित्येक संध्याकाळी फिरकली नाही. विचारले की काम आहे म्हणायची, आणि काम तर खरोखरच होते.

या एका उठून जाण्यामागे केवढे काय असते, ते समजून घेतल्याखेरीज नव्या शिक्षकाने या वर्गात बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावी असताना ही बाई अडाणी नसते. कोणते बी केव्हा पेरायचे, मोहाची फुले केव्हा वेचायची, कोणते जनावर आजारी आहे आणि त्याला काय द्यायचे, लग्नातले कोणते गाणे कोणत्या विधीला म्हणायचे, कोणाचे कोणाशी नाते कसे लागते, हे सर्व तिला येत असते आणि मुले ते तिच्याकडून शिकत असतात. शहरात आल्यावर या ज्ञानाला विचारणारे कोणी उरत नाही. येथे लागते ती गुजराती, आणि ती मुले रस्त्यावर आणि शाळेत काही महिन्यांत उचलतात. मग दवाखान्यात डॉक्टरांचे बोलणे आईला नऊ वर्षांची मुलगी समजावून देते, ममता कार्डावर पुढच्या लसीची तारीख तीच वाचते, रेशनच्या दुकानात अंगठा कोठे लावायचा ते मुलगा दाखवतो, आणि मोबाइलवर आलेला निरोप खरा की फसवणुकीचा याचा निर्णयही तोच करतो. मुलांचे यात काही चुकत नाही. ती घराच्या उपयोगीच पडत असतात. पण घरातील मोठेपण कळत-नकळत मुलांकडे सरकते, आणि ते अशा वयात सरकते की त्यांना ते पेलवत नाही. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा शाळा सोडून कामावर जायला निघतो, तेव्हा त्याला अडवण्याचे बळ आईबापांच्या शब्दात राहिलेले नसते, आणि तेव्हा सगळे आश्चर्य करतात.

ज्या वर्गात आई आणि मूल शेजारी बसून शिकतात, तेथे हे सरकणे थांबवताही येते आणि वाढवताही येते. मूल आईहून लवकर वाचायला शिकणार, हे नक्की असते. त्याचे वय तसे असते, ते दिवसा शाळेतही जात असते आणि त्याचा हात मोकळा असतो. शिक्षकाने केवळ वेगाचे कौतुक केले, तर प्रत्येक संध्याकाळी आई एकेक पायरी खाली उतरत जाते. दोघांसाठी वेगवेगळे वर्ग घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता, आणि काहीजण तसे सुचवतातही. परंतु घरातील शिक्षण टिकायचे असेल तर पुस्तक दोघांच्या मध्ये असायला हवे, हा या साऱ्या विचाराचा पायाच आहे आणि तो मला मोडावासा वाटत नाही.

हा विचार ज्या रूपात आज ओळखला जातो, ते रूप अमेरिकेच्या केंटकी राज्यात 1980च्या दशकात घडले. शॅरन डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे आईवडिलांचे शिक्षण, लहान मुलांचे शिक्षण, पालकपणाविषयीची चर्चा आणि पालक-मुलांनी एकत्र घालवायचा वेळ, असे चार भाग एकाच कार्यक्रमात बांधले. 1988 साली अमेरिकी काँग्रेसने ‘इव्हन स्टार्ट’ या नावाने याच धर्तीची योजना मंजूर केली आणि पुढे तिच्यात स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांचा वाटा मोठा झाला. योजना चांगली होती, पैसाही होता, आणि तरीही 2003 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात योजनेतील कुटुंबांची प्रगती योजनेबाहेरच्या तशाच कुटुंबांहून अधिक झाल्याचे दिसले नाही. 2011 मध्ये तिचा निधी थांबला. यातून कोणी असा निष्कर्ष काढतो की कुटुंबाला एकत्र शिकवणे व्यर्थ आहे. मी तो काढत नाही. त्याच अभ्यासांत असेही नोंदले होते की कुटुंबांना जेवढे तास देऊ केले होते त्यांतले थोडेच त्यांनी घेतले. माणसे आलीच नाहीत, किंवा आली आणि गळली. ती का गळली याची कारणे तेथे अनेक असतील. आमच्या पत्र्याच्या रांगेत मला त्यांतले एक समोर दिसते, आणि ते म्हणजे ती पाटी मुलीच्या हाती गेल्यावर आईचे उठून जाणे.

याच्या उलट बाजूचा एक अनुभव तुर्कस्तानातला आहे. चिदेम कायतचिबाशी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 पासून इस्तंबूलच्या गरीब वस्त्यांत काम केले. तेथील बहुतेक आया खेड्यांतून शहरात आलेल्या होत्या. त्यांनी आपल्या लहान मुलांना घरीच काही पाठ द्यावेत म्हणून त्यांना तयार करण्यात आले, आणि त्यांच्या आपसांत चर्चा घडवण्यात आल्या. शिक्षिका दाराशी आली तरी मुलाला शिकवणार होती ती आईच. काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा या आयांची मुले इतरांपेक्षा अधिक प्रमाणात शाळेत टिकलेली होती, आणि त्या आयांचे घरातील स्थानही वर आलेले होते. मुलाचे टिकणे आणि आईचे वर येणे या दोन गोष्टी तेथे एकत्र दिसल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या शहराने शिक्षणाचा विचार कोणी शिकवण्याआधीच केला होता, ही गोष्ट नव्या शिक्षकांना मी आवर्जून सांगते, कारण वडोदऱ्यात राहून ती विसरणे बरे नाही. कवळाण्याचा गोपाळराव 1875 साली वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक येऊन येथे सयाजीराव झाला, तेव्हा त्याचे रीतसर शिक्षण झालेलेच नव्हते. मोठ्या वयात, इतरांच्या नजरेसमोर, मुळाक्षरांपासून सुरुवात करणे म्हणजे काय असते, हे त्या राजाला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो कायदा साऱ्या संस्थानाला लागू झाला. त्या कायद्याखाली मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. त्या काळात ते आवश्यकही असेल, पण त्या रचनेत पालक कायद्यापुढे उभा होता तो चुकणारा म्हणून. पुढे 1910 मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, तेव्हा मात्र मोठी माणसे शिक्षणाच्या आत आली. मला वाटते, आपल्याला त्या पेटीच्या बाजूने उभे राहायचे आहे. दंड आता कोणी करत नाही. परंतु आईबापांकडे उणीव म्हणून पाहण्याची ती नजर अजून शाबूत आहे, आणि ती कळकळीच्या माणसांतही असते.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे येते. ज्या बाईची गोष्ट वर सांगितली ती पुन्हा आली ती एका जुन्या सहकारी बाईंमुळे. त्यांनी तिला शिकायला ये म्हणून सांगितले नाही. गावी लग्नात हळदीच्या वेळी जे गाणे म्हणतात ते वर्गातल्या मुलांना लिहून घ्यायचे आहे आणि ते सांगायला कोणी नाही, एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. ती आली. तिने गाणे भिलीत म्हटले, आणि तिसरीतली मुलगी गुजराती अक्षरांत ते लिहू लागली. एका ओळीनंतर मुलगी अडली. शब्द तिला ठाऊक नव्हता, अर्थही ठाऊक नव्हता, आणि गुजराती अक्षरांत तो कसा बसवायचा याचे उत्तर शिक्षिकेपाशीही नव्हते. मुलीला आईला विचारावे लागले, पुन्हा म्हणायला लावावे लागले, आणि आईने लहानपणी बोलायला शिकवताना उच्चारावेत तसे शब्द सुटे करून सांगितले. मग त्या लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून आईने गाणे पुन्हा म्हटले. गाणे तोंडपाठ होते, त्यामुळे बोटाखालचे अक्षर कोणते हे तिला कळत गेले. त्या संध्याकाळी तिने जेवढी अक्षरे ओळखली तेवढी पाटीवर कित्येक दिवसांत ओळखली नव्हती.

आमच्या वर्गाची मुख्य रीत यातूनच पक्की झाली. मजकूर आईचा, अक्षरे मुलाची, आणि वाचन दोघांचे. आई जे सांगू शकते त्यात शिक्षकाला भिली किंवा राठवी येत नाही ही अडचण नसून सोयच ठरते, कारण शिक्षकालाही आईलाच विचारावे लागते आणि मूल ते पाहत असते. राठवांच्या घरी पिठोरा हे भिंतीवरचे विधिचित्र काढले जाते तेव्हा त्यातल्या एकेका घोड्याचा, एकेका आकृतीचा अर्थ बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, सर्वांसमोर सांगतो. भिंतीवरील चिन्हांकडे बोट दाखवून कथा सांगण्याची ही परंपरा ज्या घरात आहे, त्या घराला वाचन ही संपूर्ण परकी गोष्ट आहे असे मानण्याचे काही कारण नाही. याच शहरात गणेश देवींनी 1996 साली स्थापन केलेल्या ‘भाषा’ या संस्थेने आणि पुढे तेजगढच्या आदिवासी अकादमीने या बोलींतील गीते आणि कथा छापून काढण्याचे मोठे काम केले आहे. आपल्या बोलीतला छापलेला शब्द पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे नव्या शिक्षकाने एकदा तरी पाहावे, म्हणजे त्याला अधिक काही सांगावे लागत नाही.

लिपीचा प्रश्न मात्र सोपा नाही आणि त्यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. अलीराजपूरकडच्या बापाने गावी पाचवीपर्यंत हिंदी शिकलेली असते, म्हणजे त्याला देवनागरी थोडीफार येते. मूल येथे गुजराती शाळेत असते. आईला दोन्ही नवीन. 2011च्या जनगणनेत अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 36 टक्के, म्हणजे देशातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होती, हे लक्षात घेतले तर त्या बापाची पाचवीही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. गावच्या बसची पाटी, जमिनीचे कागद, बँकेचा निरोप हे सर्व हिंदीत असते, म्हणून आईने देवनागरी शिकावी, असे काहीजण म्हणतात. माझे मत असे की मुलाच्या पाठ्यपुस्तकाची जी लिपी तीच आईची पहिली लिपी असावी, कारण मग रात्री दोघे एकाच पानावर बसू शकतात. मात्र बापाला देवनागरी येत असेल तर ती वाया जाऊ देऊ नये. त्याने मुलाला ती शिकवावी. गुजराती शिकलेल्या मुलाला देवनागरी जड जात नाही, डोक्यावरची रेघ नसणे हा फरक लवकर अंगवळणी पडतो, आणि अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब यांसारखी काही अक्षरे वेगळ्या वळणाची असली तरी ती थोडीच आहेत. वडोदऱ्याच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपण घरात एक लिपी आणि बाजारात दुसरी वाचत मोठे झालो. माझी आजी लग्न होऊन सातारा जिल्ह्यातून येथे आली. ती पोथी अस्खलित वाचत असे आणि गुजराती पाटी मात्र शेवटपर्यंत नातवंडांकडून वाचून घेत असे. घरात तिचा शब्द त्यामुळे कधी हलका झाला नाही, कारण पोथी ती वाचत असे आणि आम्ही ऐकत असू. आमच्या वर्गातल्या आईला तसे काही तरी हातात मिळवून द्यायचे आहे.

नव्या शिक्षकांनी काही बारीकसारीक गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, असा आमचा आग्रह असतो. मुलाने आईची चूक काढली तर त्याला रागवायचे नाही, पण कौतुकही करायचे नाही. चूक आईलाच शोधू द्यायची, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ शांत बसायचे. नवे अक्षर प्रथम आईला, मुले दुसऱ्या कोपऱ्यात खेळत असताना, स्वतंत्रपणे दाखवायचे, म्हणजे एकत्र बसल्यावर ते तिला आधीच ओळखीचे असते. बाईला तिच्या स्वतःच्या नावाने आणि ‘बेन’ म्हणून हाक मारायची. अमक्याची आई म्हणून नव्हे, कारण तिचे नाव मुलांनी चारचौघांत मानाने घेतलेले ऐकणे आवश्यक आहे. वर्ग त्यांच्या रांगेत घ्यायचा, आपल्या सोयीच्या सभागृहात नाही, आणि चुली विझल्यावर म्हणजे आठनंतर घ्यायचा. हजेरी मोठ्याने पुकारायची नाही. दिवसभर त्यांची हजेरी कोणी तरी घेतच असते, आणि ती चुकली तर पैसे कापले जातात. आठवड्याची खर्ची, म्हणजे मजुरीतली खर्चापुरती उचल, मिळते त्या संध्याकाळी वर्गच ठेवू नये. त्या दिवशी बाजार असतो, तेल-मीठ-पीठ भरायचे असते, गावी पैसे पाठवायचे असतात. गैरहजर राहिलेल्याला कारण विचारण्यापेक्षा त्याचे पान जपून ठेवावे.

पुरुषांविषयी थोडे वेगळे लिहायला हवे. बाप वर्गाला येत नाहीत, ही सर्व ठिकाणची तक्रार आहे, आणि त्यांच्यावर बेपर्वाईचा शिक्का लवकर बसतो. मला असे दिसले आहे की अक्षरांसाठी न येणारा बाप हिशोबासाठी येतो. मुकादमाच्या वहीत त्याच्या हजेऱ्या लिहिलेल्या असतात, मधल्या काळात घेतलेली खर्ची लिहिलेली असते, आणि होळीला गावी निघताना सर्वांचा एकत्र हिशोब होतो. बहुतेकजण स्वतःच्या रेघा वेगळ्या ओढून ठेवतात, परंतु अर्धी हजेरी, जादा वेळ, पावसामुळे गेलेला दिवस यांच्या रेघा एकमेकींत मिसळून जातात. चौथीतल्या मुलाला गुणाकार आणि वजाबाकी येते. पण कोणता दिवस अर्धा होता, कोणत्या रात्री स्लॅब भरायला थांबावे लागले होते, हे फक्त बापाला ठाऊक असते. दोघांनी मिळून वही मांडली की ती खरी होते, आणि एकट्या मुलाने मांडली तर होत नाही. नव्या शिक्षकांना येथे एक सावधगिरीची सूचना द्यावी लागते. हिशोब पाहून मुकादमाविरुद्ध बोलण्याची घाई करू नये. मुकादम बहुतेकदा त्यांच्याच गावचा, कधी नात्यातला असतो, आणि पुढच्या वर्षीचे कामही त्याच्याच हाती असते. वही स्वच्छ लिहिलेली असली की पुढचे बोलणे केव्हा आणि कसे करायचे, हे ती माणसे आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

शाळेच्या दाराशीही आईबाप असेच मान खाली घालून उभे राहतात, आणि तेथे शिक्षकाने कायदा माहीत करून घ्यायला हवा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुरूप इयत्तेत बसवून त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय करायची असते. आणि एका शाळेतून दुसरीत जाताना दाखला यायला उशीर झाला हेही प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांतील निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही म्हटले आहे. कायद्याने ज्या आईला समितीत बसण्याचा अधिकार दिला, ती आज शाळेच्या फाटकातून आत यायला बिचकते. आमच्या काही शिक्षिका उत्साहाने स्वतःच शाळेत जाऊन मुलाचे काम करून येतात. काम होते, वेळही वाचतो, आणि मुलाला पुन्हा एकदा असे दिसते की आपले काम आईने केले नाही. म्हणून आम्ही असे ठरवले आहे की बोलायचे आईने, आणि शिक्षिकेने शेजारी बसायचे. काय बोलायचे याची तयारी आदल्या रात्री वर्गात करून घ्यायची. वेळ जास्त लागतो, कधी दुसरी फेरी पडते, तरीही हेच करायचे.

माघ संपत आला की कुटुंबांची निघण्याची भाषा सुरू होते. झाबुआ-अलीराजपूरच्या लोकांना होळीच्या आदल्या आठवड्यातील भगोरियाचा हाट गाठायचा असतो, दाहोदच्या लोकांना आपले मेळे असतात, आणि त्या ओढीपुढे शहरातील कोणतेही काम टिकत नाही, टिकूही नये. नवे शिक्षक या दिवसांत फार खचतात, कारण आईने नुकते वाक्य वाचायला सुरुवात केलेली असते आणि आता सगळे मोडणार असे त्यांना वाटते. त्यांना या दिवसांत करण्यासारखे पुष्कळ काम असते. मुलाच्या शाळेकडून दाखला आईच्या हाती मिळवायचा. वर्षभरात आईने सांगितलेली आणि मुलाने लिहिलेली गाणी, कथा, नात्यांची यादी, हिशोबाचे पान हे सर्व एका जाड वहीत शिवून कुटुंबाला द्यायचे, आणि तिच्या पहिल्या पानावर आईचे नाव आईने स्वतः लिहायचे. गावच्या शाळेतील शिक्षकासाठी मूल कोठवर आले आहे याची चार ओळींची चिठ्ठी, गुजरातीत आणि हिंदीत, त्याच वहीत ठेवायची. पुढच्या कार्तिकात हीच कुटुंबे याच इमारतीपाशी येतील असे नाही. वही असली की दुसऱ्या शहरातील कोणालाही पुढचे पान उघडता येते.

यंदा भायलीच्या बाजूला दोन नव्या रांगा उभ्या राहिल्या आहेत आणि आमच्याकडे माणसे कमी आहेत. गुजराती आणि देवनागरी दोन्ही वाचणारी, आठवड्यातून दोन संध्याकाळी आठ ते साडेनऊ देऊ शकणारी आणि कार्तिक ते फाल्गुन हा काळ मध्येच न सोडणारी माणसे हवी आहेत. शिकवण्याचा पूर्वानुभव असला तर चांगले, नसला तरी चालेल. पहिले काही आठवडे काहीही शिकवायला मिळणार नाही. एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या शेजारी बसून, आई बोलत असताना ऐकायचे आणि तिची वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यायची, एवढेच काम असेल.